शाळेच्या साइट काउन्सिलवरचं एक वर्ष: लाल-नारिंगी रंगांमागे काय असतं

मुलीच्या शाळेच्या स्कूल साइट काउन्सिलवर पालक प्रतिनिधी म्हणून एक अख्खं वर्ष काढलं आणि त्या वर्षाचा निकालही आता हाती आलाय. इथे कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या ओळखीच्या मराठी पालकांनी बरेचदा विचारलं की हे काउन्सिल म्हणजे नक्की काय, वेळ किती जातो, आणि राज्याच्या मूल्यमापनात शाळा ‘लाल’ झाली म्हणजे आता काय करतात? एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच क्रमाने लिहून टाकते. शाळेचं नि डिस्ट्रिक्टचं (म्हणजे परिसरातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) नाव मुद्दाम देत नाहीये. राज्यातल्या बाकी सरकारी शाळांतही नियम हेच आहेत, त्यामुळे नावावाचून काही अडणार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये शाळा सुरू झाली आणि प्रिन्सिपलच्या साप्ताहिक ईमेलमध्ये, पिझ्झा नाइट आणि हरवलेल्या जॅकेटांच्या खाली, दोन ओळी होत्या: साइट काउन्सिलसाठी पालकांची नावं हवी आहेत. मला आधी वाटलं पीटीएचंच, म्हणजे पालक-शिक्षक संघाचंच काहीतरी असेल. तसं नाही. पीटीए निधी जमवते, कार्यक्रम करते. साइट काउन्सिल राज्याच्या शिक्षण कायद्यातलं आहे. एलिमेंटरी शाळेत साधारण दहा जणांचं. निम्मे शाळेकडचे, म्हणजे प्रिन्सिपल, शिक्षक आणि एखादा इतर कर्मचारी, आणि निम्मे पालकांनी मतदान करून निवडलेले. शाळेचा वर्षाचा आराखडा या मंडळाने तपासायचा, मंजूर करायचा, मग तो डिस्ट्रिक्टच्या बोर्डाकडे जातो. कोणती मुलं मागे आहेत, त्यांच्यासाठी काय करणार आणि त्याला कुठला पैसा वापरणार, हे सगळं त्यात लिहावं लागतं.

फॉर्म अगदी साधा होता. नाव, मूल कितवीत, आणि ‘तुम्हाला यायचं का आहे’ यावर चार ओळी. सप्टेंबरअखेर ऑनलाइन मतदान झालं. जागा पाच आणि उमेदवारही जेमतेम तेवढेच, त्यामुळे निवडून आल्याचं फार कौतुक नको. फी वगैरे काही नाही, मानधनही नाही. खर्च आहे तो वेगळा. बैठक दुपारी साडेतीनला, म्हणजे ऑफिसातून अर्धी रजा, आणि धाकट्यासाठी तासाला पंचवीस डॉलरवर सिटर. नाव देण्याआधी बैठकांची वेळ आणि मुदत किती वर्षांची हे ईमेलने विचारून घ्या. आमच्याकडे मुदत दोन वर्षांची निघाली.

पहिली बैठक ऑक्टोबरात, लायब्ररीत, पहिलीच्या मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून झाली. मला धास्ती होती ती इंग्रजीची नव्हे, त्या सभाशास्त्राची. कोणी ‘आय मूव्ह’ म्हणत ठराव मांडतं, कोणी ‘सेकंड’ म्हणून अनुमोदन देतं, मग हात वर. दोन बैठकांत सवय होते. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून धरून ठेवा: विषयपत्रिका बैठकीच्या निदान ७२ तास आधी लावावी लागते आणि त्यात नसलेल्या विषयावर काउन्सिलला निर्णय घेता येत नाही. म्हणजे तुम्हाला काही मांडायचं असेल तर ते आठवडाभर आधी प्रिन्सिपलना लिहून पाठवायचं. ऐनवेळी हात वर करून उपयोग नाही.

१५ डिसेंबर २०२३ ला राज्याचा स्कूल डॅशबोर्ड, म्हणजे शाळांचं ऑनलाइन प्रगतिपुस्तक आलं आणि खरं काम तिथून सुरू झालं.

ज्यांनी तो कधी उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण आपल्यातले बहुतेक जण घर घेताना वेबसाइटवरचा शाळेचा दहापैकी आकडा बघतात आणि तिथेच थांबतात. डॅशबोर्डवर शाळेला एक मार्क नसतोच. इंग्रजी, गणित, दीर्घ गैरहजेरी, निलंबन, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची प्रगती, अशा प्रत्येक गोष्टीला एक अर्धगोल आणि त्यात काटा: लाल (सगळ्यांत वाईट), नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा (सगळ्यांत चांगला). रंग दोन गोष्टींवरून ठरतो. यंदा शाळा कुठे आहे, आणि गेल्या वर्षीपासून किती हलली. दोन्हींच्या पाच-पाच पायऱ्या, म्हणजे पंचवीस चौकटींचा तक्ता. त्यामुळे बऱ्या गुणांची पण घसरलेली शाळा आणि कमी गुणांची पण चढणारी शाळा एकाच रंगात दिसू शकते.

गुण मोजतात ते ‘स्टँडर्डपासूनचं अंतर’ म्हणून. उदाहरणार्थ, तिसरीच्या गणितात अपेक्षित पातळी २४३६ गुणांपासून सुरू होते. प्रत्येक मूल आपापल्या इयत्तेच्या त्या रेषेच्या किती वर किंवा किती खाली, याची सरासरी काढायची. किती टक्के मुलं पास, असा तो हिशेब नाही. रेषेच्या खूप खाली असलेलं मूल थोडं वर आलं तरी ते मोजलं जातं, भले ते अजून रेषेखालीच असो. मला हे न्याय्य वाटतं. दुसरी बाजू अशी की आमची शाळा पाचवीपर्यंतची, परीक्षा तिसरी, चौथी, पाचवीची. दर वर्षी पाचवीची मुलं जातात आणि तिसरीची नवी येतात. म्हणजे ‘गेल्या वर्षीपेक्षा बदल’ म्हणतात तो त्याच मुलांचा नसतो. बैठकीत कोणी ‘आपली मुलं घसरली’ म्हणालं की हे आठवायचं.

आमच्या शाळेचं पहिलं पान छान होतं. इंग्रजी हिरवं, गणित हिरवं. प्रिन्सिपलनी एक क्लिक केलं आणि विद्यार्थी गटांचं पान उघडलं. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या गटात गणित लाल, इंग्रजी लाल, गैरहजेरी लाल, निलंबन नारिंगी. कोणी काही बोललं नाही. पुढे काही आठवड्यांनी डिस्ट्रिक्टकडून कळलं की राज्याच्या यादीत आमची शाळा या गटामुळे जादा लक्ष देण्याच्या वर्गवारीत आली आहे. केंद्राच्या कायद्यात सगळ्यांत खालच्या पाच टक्के शाळा ज्या निकषांवर निवडतात, त्याच निकषांत एखादा गट एकटा जरी बसला तरी शाळेला या गटासाठी वेगळा आराखडा करावा लागतो. राज्याकडून त्यासाठी वेगळा पैसा मात्र येत नाही. तो येतो त्या तळाच्या शाळांसाठी. आम्ही आहे त्यातच भागवायचं.

दोन दिवसांत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘शाळा फेल झाली’ असं फिरायला लागलं, आणि त्यापाठोपाठ घरांच्या किमती. इथे आमच्या काउन्सिलवरच्या एका ज्येष्ठ शिक्षिकेने बैठकीत सांगितलेलं फार उपयोगी पडलं. त्या २००३ पासून शिकवताहेत. जानेवारी २००२ मध्ये बुश यांनी सही केलेला ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा तेव्हा नवा होता. त्यात प्रत्येक गटाने दर वर्षी ठरलेली टक्केवारी गाठायची, आणि ती चढत चढत २०१४ पर्यंत शंभर टक्के व्हायची. एक गट चुकला की अख्खी शाळा चुकली. सरकारी टायटल वन निधी (गरीब घरांतली मुलं जास्त असलेल्या शाळांसाठीचा) घेणारी शाळा लागोपाठ दोन वर्षं चुकली की पालकांना दुसऱ्या शाळेत बदली मागता यायची, पुढे शाळेला बाहेरची शिकवणी द्यावी लागायची, आणि शेवटी शाळेची फेररचना. शंभर टक्के कुठेच होणार नव्हतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, असं त्या म्हणाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये ओबामांच्या सहीने नवा कायदा आला. तिसरी ते आठवी दर वर्षी परीक्षा हे कायम राहिलं, पण शाळा कशी मोजायची आणि मागे पडली तर काय करायचं हे बरंचसं राज्यांकडे गेलं. त्यातून हे रंग. म्हणजे ‘फेल’ हा शब्दच आता या व्यवस्थेत नाही. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं आणि गटांच्या पानाची लिंक दिली. किती जणांनी उघडली देव जाणे.

आईला फोनवर हे सांगितलं. ती सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर, मग शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायच्या शाळासिद्धीची सात क्षेत्रं नि सेहेचाळीस मानकं, सगळं तिने भरलेलं. तिचा पहिला प्रश्न, “अगं, मग पुरावे कोण गोळा करतं? फोटो कोण काढतं?” कोणीच नाही, म्हटलं. हजेरी नि परीक्षेची माहिती थेट राज्याकडे जाते, रंग ते काढतात. “मग बरंय की,” आई म्हणाली, “मास्तर शिकवायला मोकळे.” तेवढंही खरं नाही, पण तिच्या मनातलं कळलं.

जानेवारीत गरजांचा अभ्यास सुरू झाला. सगळ्यांत आधी गैरहजेरी, कारण ती अडचण फक्त त्या गटात नव्हती. आशियाई मुलांच्या गटातही रंग नारिंगी होता आणि त्या गटात आपण येतो. नियम असा: शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर म्हणजे दीर्घ गैरहजर. वर्ष १८० दिवसांचं, म्हणजे अठरा दिवस. आजारपणाची चिठ्ठी दिलेली असली तरी तो दिवस मोजला जातो. माफी असलेली आणि नसलेली, दोन्ही गैरहजेरी इथे सारखीच. कोविडनंतर २०२१-२२ मध्ये राज्यात सुमारे तीस टक्के मुलं या व्याख्येत होती, त्यामुळे हा प्रश्न काही आमचाच नव्हता.

काउन्सिलवर शाळेच्या हजेरी क्लार्क होत्या. तोवरच्या बैठकांत त्या अक्षरही बोलल्या नव्हत्या. त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला, त्यावर आठवड्यांप्रमाणे पेन्सिलीने काढलेल्या काड्या. नावं नाहीत, नुसत्या काड्या. नाताळच्या सुट्टीच्या अलीकडचा आठवडा आणि पलीकडचे दोन आठवडे, तिथे काड्यांचं रानच उगवलेलं. “आय नो व्हेअर दे आर,” त्या माझ्याकडे बघून हसल्या, “दे आर विथ ग्रँडमा.” दोन आठवड्यांच्या सुट्टीला पुढेमागे दिवस जोडून पाच आठवडे भारतात. एवढ्यात दहा-पंधरा दिवस गेले, की फेब्रुवारीतला एक ताप पुरतो.

शाळेला याचं दुहेरी दुखणं असतं. कॅलिफोर्नियात शाळांना पैसा पटावरच्या मुलांवर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो.

यावर उपाय होता, आणि तो आपल्यातल्या कितीतरी जणांना ठाऊकच नव्हता: इंडिपेंडंट स्टडीचा करार. जाण्याआधी ऑफिसात कळवायचं, शिक्षक काम देतात, पालक-मूल-शिक्षक सही करतात, आणि परत आल्यावर काम पूर्ण दाखवलं की ते दिवस हजेरीत धरले जातात. किती दिवस आधी सांगायचं आणि जास्तीत जास्त किती दिवस मिळतात हे आपल्या डिस्ट्रिक्टला विचारा. तिकीट काढलं त्याच आठवड्यात विचारलेलं बरं. विमानतळावरून ईमेल टाकून करार होत नाही. मी हे मराठीत लिहून आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. धन्यवाद आले, थोडा रागही आला. एकीने लिहिलं, “सख्ख्या दिराचं लग्न आहे, शाळेला विचारून तारीख काढू का?” दुसरीने विचारलं, “आजी-आजोबांसाठी अर्धगोल नाही का गं त्या डॅशबोर्डवर?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. मी करार करूनच जाते, एवढंच.

आणखी एक आपल्याशी संबंधित बाब इथेच सांगते. शाळेत नाव घालताना घरची भाषा विचारतात. ‘मराठी’ लिहिलं की मुलाची इंग्रजीची प्राथमिक चाचणी होते, म्हणून कित्येक जण ‘फक्त इंग्लिश’ लिहायचा सल्ला देतात. खरं तेच लिहा. चाचणी पार झाली तर विषय संपतो, नाही झाली तर मुलाला मदत मिळते. आणि अशी एकवीस मुलं शाळेत असली की त्यांच्या पालकांची स्वतंत्र समिती करावी लागते. तिथेही जागा रिकाम्या असतात.

फेब्रुवारी-मार्च विशेष गरजांच्या गटात गेला. वर्षातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच, आणि सगळ्यांत अवघडही. गट लहान असतो. डॅशबोर्डवर अकरापेक्षा कमी मुलं असतील तर आकडा झाकलेला असतो, आणि रंग मिळायला निदान तीस मुलं लागतात. आमचा गट तिशीच्या थोडा वर. तेहेतीस मुलांत तीन टक्के म्हणजे एक मूल. एका मुलाचं ऑपरेशन झालं, ते महिनाभर घरी राहिलं, की काटा एक घर सरकू शकतो. यावर एक वडील म्हणाले, मग या रंगाला काय अर्थ? स्पेशल एज्युकेशनच्या शिक्षिका म्हणाल्या, गैरहजेरीचा रंग सोडा, गणिताचा सोडू नका, तिथे दोन वर्षं तेच दिसतंय.

मग त्यांनी वेळापत्रक टेबलावर ठेवलं. स्पीच थेरपी आणि रिसोर्स रूमसाठी मुलांना वर्गातून बाहेर नेतात. थेरपिस्ट दोन शाळांत वाटून घेतलेली, ती आमच्याकडे फक्त सकाळी. चौथी-पाचवीचा गणिताचा तास नेमका सकाळी नऊ ते दहा. म्हणजे ज्या मुलांना गणित सगळ्यांत जड जातं, तीच आठवड्यातून दोनदा गणिताच्या तासातून उठून जात होती. कोणाचा वाईट हेतू नव्हता. वेळापत्रकं दोन वेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वेळी केलेली. या वर्गवारीतल्या आराखड्यात साधनांची वाटणी कुठे विषम आहे हे शोधावं लागतं. इतके दिवस आम्ही आयपॅड नि पुस्तकं मोजत होतो. आमची विषमता घड्याळात होती.

एप्रिल-मेमध्ये परीक्षा. कॅलिफोर्नियात पालक लेखी देऊन मुलाला परीक्षेतून वगळू शकतात, आणि तो हक्क आहे. फक्त परिणाम माहीत असू द्या: प्रत्येक गटातल्या निदान ९५ टक्के मुलांनी परीक्षा द्यावी लागते, आणि जितकी कमी पडतील तितक्यांना राज्य हिशेबात सगळ्यांत कमी गुण धरतं. लहान गटात दोन-तीन वगळलेली मुलं म्हणजे सरासरी धाडकन खाली. मुलाचा स्वतःचा निकाल वेगळा येतो, उन्हाळ्यात पालकांच्या पोर्टलवर. शाळेच्या रंगाशी त्याची गल्लत करू नका.

आराखड्याचा मसुदा मंजुरीच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी आला, चाळीसेक पानी, निम्मी पानं नमुन्यातली छापील वाक्यं. धाकट्याला झोपवून मी ती रात्री वाचली. वाचताना फक्त तीन जागा बघायच्या, हे मी त्या रात्री शिकले. गेल्या वर्षी ज्यावर खर्च केला त्याने काय झालं हे लिहिलंय का? लाल गटाचं नाव उद्दिष्टात स्पष्ट आहे का, की ‘सर्व विद्यार्थी’ म्हणून गुंडाळलंय? आणि प्रत्येक खर्चासमोर तो कोणत्या उद्दिष्टासाठी हे आहे का? आमच्या मसुद्यात दुसरीच जागा पोकळ होती. बैठकीत मी ‘सर्व विद्यार्थ्यांचं गणित’च्या जागी गटाचं नाव आणि वेळापत्रकाची दुरुस्ती घालावी असं सुचवलं. आवाज कापत होता. क्लार्कबाईंनी ‘सेकंड’ म्हटलं. एका गणित सॉफ्टवेअरचं नूतनीकरण थांबवून तो पैसा इन्स्ट्रक्शनल एडच्या (वर्गात शिक्षकांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) जादा तासांकडे वळवायचं ठरलं; त्यावर चर्चा लांबली, मतं फुटली, पण पास झालं. जूनमध्ये डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने इतर शाळांच्या आराखड्यांसोबत एका ठरावात मंजुरी दिली. मी प्रेक्षकांत बसले होते. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल.

२१ नोव्हेंबर २०२४ ला नवा डॅशबोर्ड आला. लक्षात घ्या, हा २०२३-२४ या वर्षाचा. आम्ही जूनमध्ये मंजूर केलेल्या आराखड्याचा परिणाम यात दिसणारच नव्हता. निकाल नेहमी एक वर्ष मागून येतो. गैरहजेरी दोन्ही गटांत पिवळी झाली. पण त्याच वर्षी राज्याचाच आकडा २४.३ वरून १८.६ टक्क्यांवर आला, त्यामुळे आमच्या व्हॉट्सॲप संदेशाला किती श्रेय द्यायचं ते द्या. विशेष गटाचं इंग्रजी नारिंगी, गणित लालच. अंतर थोडं कमी झालंय, रंग बदलण्याइतकं नाही. गणिताचा तास मात्र आता अकराला आहे.

२०२४-२५ हे माझं दुसरं वर्ष. कोणाला आपल्या शाळेत असं काही करायचं असेल तर एक सांगते: पुढच्या वर्षाचं वेळापत्रक उन्हाळ्यात, शाळा रिकामी असताना बनतं, आणि थेरपिस्टच्या वेळा डिस्ट्रिक्टमध्ये त्याच्याही आधी वाटल्या जातात. तेव्हा स्पीचच्या आणि रिसोर्सच्या वेळा कोणत्या तासावर पडणार हा विषय एप्रिलच्या विषयपत्रिकेवर घालून घ्या. ऑगस्टमध्ये विचारलं तर सगळे नम्रपणे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात.